पाखरांकडं पाठ करून बसलेले सर

गेल्या वैशाखात, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, आमच्या पीटीच्या सरांना पोलिसांच्या गाडीत बसवून नेलं. गुन्हा: सरकारी कामात अडथळा. जागा: आमच्या तलावाचं कोरडं पात्र. जप्त केलेला मुद्देमाल: घडीची एक खुर्ची, एक शिट्टी आणि पिशवीभर फक्की. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची चुन्याची भुकटी, हे शाळेत गेलेल्या कुणालाही माहीत असतं. पंचनाम्यात मात्र ‘पांढऱ्या रंगाची पावडर’ असं लिहिलंय. जणू सर काहीतरी विकत होते.

सरांची गाडी बांधावरून वळते न वळते तोच तलावातल्या मुरमाच्या टेकाडावर पोकलेन चढला. टेकाडावर नदी सुरयांची अंडी होती. हा पक्षी नद्या-तलावांवरून झपाट्यानं कमी होत चाललाय. आमच्या तलावावर तो अजून घरटी करतो, म्हणजे करत होता. म्हणजे अजूनही करतोय, अर्ध्या टेकाडावर. पोकलेनवर गुन्हा नाही. ठेकेदारावर नाही. ज्यांच्या प्लॉटांसाठी मुरूम चालला होता त्यांच्यावर तर नाहीच.

एरवी मी इथंच थांबले असते. खाली ‘तीव्र निषेध’ लिहून आमच्या तलाव समितीचं पत्रक छापायला टाकलं असतं. पण निषेध तीव्र करून करून आता कंटाळा आलाय. शिवाय सरांबद्दल जे काही छापून आलं ते वाचून त्यांना ओळखणारा माणूस हसेल. एका पेपरानं त्यांना ‘ज्येष्ठ पर्यावरणप्रेमी’ म्हटलं. सरांनी पेपर लांब धरून वाचला आणि विचारलं, “हे कोण? मी कबड्डीचा पंच हाय.”

म्हणून या वेळी पत्रक नाही. या वेळी सर.

आमचं गाव शहरातून वेरूळच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरातनं ओहोळ येतात, गावाच्या वर त्यांचा एक ओढा होतो आणि तो तलाव भरतो. तलावावर खालच्या सगळ्या विहिरी चालतात. गावातल्या हायस्कुलात सर पीटी शिकवायचे. दर जूनमध्ये ते वर्गाला उंचीनं उभं करत आणि त्या दिवशी जी जागा मिळाली ती जन्माला चिकटली. मी मुलींत शेवटची, म्हणजे सगळ्यांत बुटकी. आज माझं लग्नाचं वय गेलं म्हणून बायका कुजबुजतात, मी तहसीलदारांशी भांडते, माझ्या नावाच्या दोन नोटिसा निघाल्यात. सरांसाठी मी अजून ‘शेवटची’. आमचे सरपंच ‘मधला’. एकदा ते भर ग्रामसभेत म्हणाले, “सर, आता तरी नावानं हाक मारत जा. लोक हसतेत.”

सरांनी त्यांना खालीवर बघितलं. “तुही उंची वाढली का?”

“नाय.”

“मग?”

सरांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून उभ्यानं जेवायचे. लग्नात पंगत बसली की हे उभे, खिशातनं फक्की काढून पानांची ओळ सरळ करणार. निवृत्त झाले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी गंमत म्हणून त्यांना घडीची खुर्ची भेट दिली. सरांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि खुर्चीकडं बघून विचारलं, “ही कुणासाठी?” खुर्ची प्लास्टिकच्या कागदासकट माळ्यावर गेली.

फक्की मात्र निवृत्त झाली नाही. स्कूटरच्या डिकीत फक्की, शर्टाच्या खिशाला फक्कीचा डाग, विजारीच्या गुडघ्यांवर फक्की. रेशन दुकानासमोर सरांनी आखलेल्या रेघा, पिठाच्या गिरणीपुढं रेघ, बँकेच्या दारात रेघ. घरासमोर चपलांसाठी चौकोन. काकूंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, मी एकदा विचारलं, “सैपाकघर बरं सुटलं?”

“सुटलं कुठं? तिथली रेघ मी मारलीय. त्याच्या आत ह्यांना यायचं नाय.”

सांगायची गोष्ट ही की गावानं त्या रेघा पाळल्या. शाळेत असताना सरांची रेघ विनापरवानगी ओलांडली की ग्राउंडला चकरा मारायला लागायच्या. ते अंगात इतकं भिनलं होतं की चाळिशी उलटलेली, पोट सुटलेली माणसंसुद्धा पांढरी रेघ दिसली की जागच्या जागी थांबत. हसू नका. तुमच्याही अंगात कुणाची तरी रेघ असेल.

सर आमच्या तलाव समितीत आले ते भांडायलाच. आम्ही मानवी साखळी करणार होतो, घोषणा तयार होत्या, फ्लेक्स तयार होता. सर मागून म्हणाले, “साखळी झाल्यावर काय?”

“झाल्यावर म्हणजे?”

“हात सोडल्यावर. घरी?”

मग सरांनी सगळ्यांना उठवलं. मीटिंग उभ्यानं घ्यायची, बसलेला माणूस भाषण करतो. त्या दिवसापासून आमच्या मीटिंगा उभ्यानं व्हायला लागल्या आणि खरंच लवकर संपायला लागल्या. दोघंतिघं गुडघ्यांचं कारण सांगून समिती सोडून गेले, तोही फायदाच झाला.

माझी पत्रकं सरांना आवडली नाहीत. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे, नीट घडी करायचे आणि परत द्यायचे. “लई शब्द झाले.”

“सर, लोकांना कारण कळायला पाहिजे.”

“मैदानावर कारण सांगत बसतो का आपण? एक शिट्टी, एक रेघ. संपलं.”

मी चिडायचे. मला वाटायचं, हा माणूस हुकूमशहा आहे आणि आपण त्याला डोक्यावर बसवून घेतलंय. आजही मला ते थोडंफार वाटतं. सर बायकांवर खेकसायचे, तलावावर धुणं घेऊन येणाऱ्यांना शिट्ट्या मारायचे, शहरातनं व्याख्यान द्यायला आलेल्या पाहुण्यांना ‘हे किती वेळ चालंल?’ असं तोंडावर विचारायचे. चहासुद्धा स्वतःपुरताच सांगायचे. गोड माणूस म्हणून मी त्यांची आठवण काढत नाहीये.

नदी सुरयाशी सरांची ओळख झाली ती डोक्यावर टप्पल बसून. चैत्रात पाणी उतरलं की तलावाच्या मधोमध मुरमाचं टेकाड उघडं पडतं. सर सहज चालत तिकडं निघाले. एकदम वरून एक पाखरू आलं, पोट पांढरं, माथा काळा, चोच पिवळीधमक, शेपटी कात्रीसारखी, आणि सरांच्या टकलाला चोच लावून गेलं. आम्ही घाबरलो. सर आनंदानं ओरडले, “रेडर! बघितलं का? टच करून परत! दम पण सुटला नाय त्याचा!”

मग त्यांना अंडी दिसली. दिसली म्हणजे पायाखाली येता येता दिसली. मुरमावर, उघड्यावर, गवताची काडीसुद्धा खाली नाही. रंग मुरमाचाच. सर एका पायावर उभे राहिले, दुसरा पाय हवेत, आणि तसेच मागं वळून आमच्यावर खेकसले, “हलू नका कुणी!”

त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं काम चालू होतं. चांगलं काम होतं, आम्हीच मागं लागून सुरू करून घेतलं होतं. शेतकरी ट्रॅक्टर आणायचे, गाळ भरून शेतात न्यायचे. पण ट्रॅक्टर कुठूनही वळायचे. टेकाडावरूनसुद्धा. त्याच्यावर सरांनी सरांचाच उपाय काढला. खुंटी ठोकली, सुतळी बांधली आणि प्रत्येक घरट्याभोवती फक्कीचं गोल रिंगण आखलं. एक रिंगण वाकडं नाही.

कमाल झाली. ट्रॅक्टर रिंगणापाशी येऊन वळून जायला लागले. चालवणारे सगळे सरांच्या हाताखालून गेलेले. जेसीबीवर गावातलाच एक गडी होता, मिशाळ, दोन लेकरांचा बाप, सर त्याला ‘पहिला’ म्हणत कारण तो मुलांत सगळ्यांत उंच. त्याचा गमछा वाऱ्यानं उडून एका रिंगणात पडला. जेसीबी बंद करून तो खाली उतरला, रेघेपाशी उभा राहिला. मला म्हणाला, “ताई, सरांना विचार ना.”

“तूच विचार की.”

“सर, आत येऊ का?”

“कशाला?”

“माहा गमछा पडलाय.”

“राहू दे. ग्राउंड चालू हाय.”

गमछा तिथंच राहिला. पहिला डोक्याला काही न बांधता उन्हात मशीन चालवत राहिला. आम्ही पोट धरून हसलो. समितीतल्या कुणीतरी बांधावरून त्या रिंगणांचा फोटो काढला, काळपट मुरमावर पांढऱ्या बांगड्या मांडून ठेवाव्यात तसा, आणि ग्रुपवर टाकला. फोटो फिरला. फार फिरला.

मग शहरातनं फोटोवाले आले. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे शर्ट, हातभर लांब लेन्सा. सुशिक्षित, सभ्य, कचरा स्वतःच्या पिशवीत टाकणारे. त्यांना घरटी शोधायला लागली नाहीत. एका रिंगणापाशी कॅमेऱ्याची तिवई मांडायची, मन भरलं की दुसऱ्या रिंगणापाशी. आणि एकानंही, मी डोळ्यांनी बघितलंय, एकानंही रेघेच्या आत पाय टाकला नाही.

वर पाखरं ओरडत घिरट्या घालत होती. एरवी सुरय पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतो, म्हणजे ती गार राहतात. त्या दिवशी त्यांना खाली उतरताच येईना. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. मुरमावर चप्पल घालूनही पाय भाजतो.

दुपारी सर आले. त्यांनी तिवया बघितल्या, वर बघितलं आणि सरळ रिंगणात गेले. खाली वाकून एक अंडं उचललं आणि चटका बसल्यासारखं लगेच ठेवलं.

“शिजलंय,” सर म्हणाले.

फोटोवाल्यांतला एकजण पुढं आला. बिचारा खरंच गोंधळला होता. “सर, आम्ही लाइनच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

“व्हय.”

“म्हणजे नियम आम्ही पाळला.”

“पाळला. तुमचं बरोबर हाय. माही रेघ चुकली.”

मग सरांनी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटानं रिंगण पुसायला सुरुवात केली. एक पुसलं, दुसऱ्याकडं गेले. कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या रिंगणातला गमछा उचलून त्यांनी झटकला, घडी केली आणि पहिल्याच्या हातात दिला. पहिल्यानं तो डोक्याला बांधला नाही, हातातच धरून उभा राहिला. पाऊस पडेपर्यंत सर समितीत फिरकले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात गावात बातमी पसरली की सर बसलेत.

लोक खरंच बघायला गेले. पात्रात, टेकाडापासून चांगल्या अंतरावर, सरांनी भोवतीनं एकच मोठी रेघ मारली होती. इतकी लांबून की आत काय आहे याचा बाहेरच्याला पत्ता लागू नये. आणि त्या रेघेवर, माळ्यावरून काढलेल्या खुर्चीत, डोक्यावर छत्री धरून सर बसले होते. खुर्चीच्या पायांना प्लास्टिकचा कागद तसाच होता. तोंड बांधाकडं, पाठ टेकाडाकडं.

मी जाऊन विचारलं, “सर, उलटं बसलात?”

“उभा माणूस असला की ते वर उडतेत. बसलेला असंल तर थोडं येतेत खाली. बसून तोंड फिरवलं की मंग बसतेत अंड्यावर. करून बघितलं मी.”

“मग तुम्ही पाखरं बघता कधी?”

“शेवटची, पंच रेघ बघतो. खेळ बघायला लोक असतेत.”

“ती बसली हे तुम्हाला कळतं कसं?”

“वरडायची थांबतेत.”

एवढंच. सर गुरं हाकलायचे, कुत्री हाकलायची, लेन्सवाल्यांना रेघेवरूनच परत पाठवायचे आणि बाकी वेळ मागची शांतता ऐकत बसायचे. आम्हालाही पाळी लावून बसवलं. मागं वळून बघितलं की शिट्टी. माझी मान सारखी वळायची. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट वाचवत होते आणि ती बघायची मला परवानगी नव्हती.

“शेवटची, मान!”

“सर, मान दुखायलीय.”

“सरळ ठेव. दुखणार नाय.”

त्या वर्षी पिल्लं उडाली. आम्ही ती पाण्यावर उडताना बांधावरून पाहिली. सर तेव्हाही दुसरीकडंच बघत होते, कुणाची तरी म्हैस पात्रात उतरत होती.

आता मुरमाचं सांगते.

गावाच्या वर, ओढ्याच्या काठानं प्लॉट पडले. गेट, बोर्ड, झेंडे. बोर्डवर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. प्लॉट वाढवायचे तर ओढ्यात भर टाकायला पाहिजे. भर टाकायला मुरूम पाहिजे. जवळचा मुरूम तलावातल्या टेकाडाचा. म्हणजे तलावातलं टेकाड खणायचं आणि तेच नेऊन तलावाला पाणी देणारा ओढा बुजवायचा. एकाच डंपरच्या एकाच खेपेत दोन्ही कामं. हे मी पत्रकात लिहिलं, निवेदनात लिहिलं, अर्जात लिहिलं. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून पोच मिळाली.

परवानगी मात्र होती. गाळ काढायची. गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या दिवशी ठेकेदार ती घेऊन आला. आधी त्यानं आपल्या पहिल्याला मशीन टेकाडावर घालायला सांगितलं. पहिल्यानं जेसीबी सरांच्या रेघेपर्यंत आणला, बंद केला, किल्ली काढली आणि “पोटात दुखायलंय” म्हणून घरी गेला. मग सिल्लोडकडनं पोकलेन आला, चालवणारा कोवळा पोरगेला गडी. तोवर संध्याकाळ झाली. खरा तमाशा दुसऱ्या दिवशी सकाळी.

ठेकेदार सरांसमोर कागद धरून उभा होता. “सर, परवानगी हाय. गाळ काढायची.”

सरांनी बसल्या बसल्या खालचा मुरूम मुठीत घेतला. “ह्यो गाळ हाय?”

“कागदावर गाळच हाय.”

“मंग कागदावरचा काढ.”

“सर, तुम्ही वयानं मोठे. उन्हात कशाला? तिकडं सावलीत बसा की.”

“खुर्ची माही हाय. कुठं बसायचं ते मी ठरवीन.”

ठेकेदारानं पोकलेनवाल्याला हात केला. तो मशीन घेऊन रेघेपर्यंत आला, मान बाहेर काढून म्हणाला, “चचा, बाजू हो जाओ ना. मेरेकू क्या, मैं तो मशीन चलाने आया.”

सर त्याच्याकडं निरखून बघत म्हणाले, “खाली उतर. उभा रहा. सरळ.”

आणि तो उतरला. का उतरला ते त्यालाच माहीत. सरांनी त्याला पहिल्याच्या शेजारी कल्पनेत उभं करून बघितलं. “दुसरा.”

“क्या?”

“सर उंचीनं नंबर देतात,” मी सांगितलं. “तुमचा दुसरा आला.”

तो खळखळून हसला. मग त्यानं सरांच्या मागं टेकाडाकडं बघितलं, वर ओरडणाऱ्या पाखरांकडं बघितलं आणि जाऊन मशीन बंद केलं. ठेकेदार ओरडायला लागला तेव्हा म्हणाला, “साब, चचा लाइन पे बैठे हैं. मैं बूम नहीं घुमाता. लग गया तो अंदर मैं जाऊंगा, आप नहीं.”

ठेकेदारानं फोन लावला. पोलीस आले, नम्रपणे आले. “सर, दोन मिनिटं ठाण्यात चला.” सर उठले, खुर्चीची घडी केली, पायाला लागलेली माती झटकली. शिपायानं खुर्ची हातातनं घेतली. आम्ही घोषणा द्यायला सुरुवात केली. सरांनी गाडीच्या दारातनं वळून आम्हाला दटावलं, “वरडू नका! पाखरं बसंनात!”

सर गेले. रेघेवर कुणी नव्हतं. पोकलेनवाल्याला आता कारण उरलं नव्हतं, पोट त्यालाही आहे. आम्ही मशीनपुढं धावलो तर पोलिसांनी हात धरून बाजूला नेलं. फोनावर फोन केले. दुपारी कुणीतरी साहेब आले, काम थांबवा म्हणाले. तोवर अर्धं टेकाड ओढ्यात जाऊन पडलं होतं. अंड्यांसकट. पावसाळ्यात बुजलेला ओढा वाट सोडून खालच्या वस्तीत शिरला, लोकांच्या चुलीत पाणी गेलं आणि तलाव पुरता भरलाच नाही. ते मात्र पेपरात ‘अतिवृष्टीचा फटका’ म्हणून आलं.

सरांना जामीन मिळाला. अट अशी की खटला निकाली निघेपर्यंत तलावाच्या पात्रात पाऊल ठेवायचं नाही. मला वाटलं, सर ही अट उडवून लावतील. गाव जमेल, सर पात्रात उतरतील, आम्ही मागं. माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं.

सरांनी काय केलं, तर बांध जिथं संपतो आणि पात्र सुरू होतं तिथं फक्कीची एक रेघ मारली. आणि तिच्या बाहेर उभे राहिले.

माझा तोल गेला. “सर, हे काय? निर्णय चुकीचा आहे हा!”

“असंल.”

“असंल काय? ढळढळीत चुकीचा आहे! चोर आत आणि तुम्ही बाहेर?”

“पंचानं आऊट दिलं की आऊट. चुकीचं दिलं तरी मैदान सोडायचं. आन् मंग अपील करायचं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं. आता माहीच पाळी आली तर रेघ ओलांडू का?” मग त्यांनी विचारलं, “अपील तू करायलीस ना?”

“करायलेय. तारखा पडायल्यात.”

“मंग झालं.”

“काय झालं, सर? काहीच झालं नाही.”

सर पात्राकडं बघत होते. उभ्यानंच. खुर्ची ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडून आहे. मी तारखेला गेले तेव्हा एक हवालदार तिच्यावर बसून डबा खात होता. मग सर म्हणाले, “मी बाद झालो. टीम बाद झाली का?”

याचं उत्तर मला माहीत होतं. टीममधला एक मासेमारी करणारा वाळूजच्या कंपनीत लागला, तलावात विकण्याजोगे मासेच उरले नाहीत. पहिल्याला ठेकेदारानं पुन्हा काम दिलं नाही, तो मशीन चालवायला गंगापूरकडं गेला. पक्षिमित्रांचा ग्रुप होता, फोटो काढायचा नाही म्हटल्यावर तो विरळ झाला. सरपंच अजून मधलेच आहेत. मी आहे, पण माझी नोकरी आहे, तारखा आहेत, आणि खरं सांगायचं तर मी थकलेय. रोज सकाळी उठून तेच तेच सांगायला जी चीड लागते ती आता चहा प्यायल्याशिवाय येत नाही.

हे लिहितेय तेव्हा चैत्र लागलाय. पाणी उतरलंय. टेकाडाचा उरलेला अर्धा भाग उघडा पडलाय, कापलेल्या बाजूनं अजून पोकलेनच्या दातांचे ओरखडे दिसतात. आणि सुरय आलेत. का आले त्यांचं त्यांना माहीत. जागा दुसरी नसेल. परवा त्यातला एक चोचीत मासा घेऊन दुसऱ्याला भरवत होता, म्हणजे आता अंडी पडतील. ठेकेदाराची गाडीही दोनदा बांधावर येऊन गेली.

सर रोज सकाळी येतात. त्यांचा डावा गुडघा गेलाय, काठी आलीय, तरी आपल्या रेघेबाहेर उभे असतात. काकूंनी घरातलं स्टूल पाठवलं होतं. त्यांनी त्यावर पाण्याची बाटली ठेवलीय. पात्रात कुत्रं शिरलं की तिथूनच नवी घेतलेली शिट्टी फुंकतात. शिट्टी आता टेकाडापर्यंत पोचत नाही, सरांचा दम कमी पडतो. टेकाडाभोवतीची मोठी रेघ यंदा त्यांनी बांधावरून सांगून माझ्याकडनं मारून घेतली; तिच्यावर काल मी पाळीला बसले होते. ऑफिसला जायची वेळ झाली म्हणून उठले आणि बांधाकडं आले. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या मागं, मी रिकामी केलेल्या जागेकडं बघत होते.

“आता कोण हाय तिथं?” त्यांनी विचारलं.

तिथं कुणी नव्हतं.

म्हणून हे तुम्हाला. तुम्ही शहरातले असा, गंगापूरचे, सिल्लोडचे, कुठलेही असा. हे वाचून ‘वाईट झालं’ म्हणू नका, सरांना सलाम लिहू नका, हे पुढं पाठवू नका. येत्या वैशाखात तुमच्या आयुष्यातली एक सकाळ आणि तुमच्या घरातली एक खुर्ची घेऊन या. गाडी बांधाच्या अलीकडं लावा. कॅमेरा गाडीत ठेवा. सर रेघेपाशी तुम्हाला सरळ उभं करतील, उंचीनं नंबर देतील, रागावू नका. मग पात्रात उतरा, मोठ्या रेघेवर खुर्ची मांडा आणि टेकाडाकडं पाठ करून बसा. पाखरू दिसणार नाही. मागं वळायचं नाही. मागनं ओरडणं थांबलं आणि काहीच ऐकू येईनासं झालं, की काम चालू आहे असं समजा, आणि दुसरं कुणी येईपर्यंत उठू नका.